शंख चावत नसतो

समुद्र मी अजून पाहिलेला नाही आणि आता पाहायची इच्छाही नाही. नातू दोनदा म्हणाला, आजी चल, गाडी आहे, बसून जायचं अन् बसून यायचं. मी त्याला सांगितलं, तुम्ही जा, पण माझ्यासाठी काही आणू नका. शिंपले नको, शंख नको, चपलांतली वाळूसुद्धा तिकडंच झटकून या. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मी लहान असताना समुद्रातली एक वस्तू आमच्या घरी आली होती. तिनं घरातलं एक माणूस नेलं. खरं बोलायचं तर तिनं अर्धं नेलं, उरलेलं अर्धं आमच्या घरच्यांनी नेलं. हे दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली बाई. जसं येईल तसं लिहीन.

आमचं गाव मंठ्याच्या अलीकडं. सकाळी भाकरी खाऊन गाडी जुंपली की दुपारच्या जेवणाला माणूस मंठ्यात. घरात कारभार आबांचा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे वडील मी रांगत होते तेव्हाच वारले, आबांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि बायकोही राहिली नव्हती, त्यामुळं माय, माझा भाऊ दादा आणि मी, आम्ही तिघं त्यांच्या शब्दावर उठायचो आणि बसायचो. आबा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पोटाला कधी कमी पडू दिलं नाही. पण त्यांच्या समोर घरातल्या कुणाला स्वतःचं तोंड होतं असं मला आठवत नाही. अपवाद फक्त वहिनीचा. कौसल्या तिचं नाव, हसनाबादची लेक, दादाची बायको. सगळे तिला कौसा म्हणायचे.

कौसावहिनी पहाटे जात्यावर बसली की मी गोधडीतून उठून तिच्या मांडीला डोकं टेकून झोपायची. जात्याची घरघर तिच्या मांडीतून माझ्या कानात यायची. ती ओव्या म्हणायची आणि मधेच देवाचं नाव काढून त्या जागी आबांचं घालायची, दादाचं घालायची, आमच्या मारक्या म्हशीचं घालायची. माय पलीकडून दाबून हसायची आणि म्हणायची, "कौसे, ऐकतील ना गं." तिच्या हातचा ठेचा असा व्हायचा की तव्यावर मिरच्या टाकल्या की ओसरीवर आबांना ठसका लागायचा. ते ओरडायचे, "काय जाळून राह्यली गं?" ही आतून म्हणायची, "आमचं नशीब, मामंजी!" आणि पदर तोंडात कोंबून हसायची. मला ती वन्सं म्हणायची, चेष्टेनं, मी तिच्या कमरेएवढी असताना. "वन्सं, हुकूम करा, चिंच काढू का?" असं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. त्यासाठी तिनं काय काय केलं नाही! शनिवारी मारुतीला फेऱ्या घातल्या, पिंपळाला सूत गुंडाळलं, दर्ग्यात धागा बांधला, कडू पाला वाटून प्याली. दादाला कुणी काही प्यायला दिलं नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं आणि आता राग येतो. दादाचा मात्र तेव्हाही यायचा, कारण बायका वहिनीला टोमणे मारायच्या तेव्हा तो शेजारीच सुतळी वळत बसलेला असायचा, आणि त्याची सुतळी कधी थांबायची नाही.

त्या साली आबा कोकणात हरिहरेश्वराच्या यात्रेला गेले. आमच्या गावातून समुद्रापर्यंत गेलेला माणूस तोवर नव्हता. परत आले ते जालन्याच्या टेसनावर उतरून, गाडीत बसून, मांडीवर एक मातीचं मडकं धरून. खारं पाणी तांब्याच्या भांड्यात कळकतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणून मडकं. तळाला समुद्राची वाळू, वर समुद्राचं पाणी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. गाव वेशीवर सनई घेऊन उभं होतं. आबांचे पाय धुतले आणि ते पाणी म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांना लावलं. यात्रा करून आलेला माणूस गावाला जेवण घालतो, त्याला मावंदं म्हणतात. मावंदं होईपर्यंत तीर्थाचं तोंड सोडायचं नाही अशी आमच्याकडं रीत. म्हणून मडकं देवघरात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मावंदं ठरलं.

आबा ओसरीवर बसून सांगत होते. समुद्राला ओहोटी लागली होती, देवळामागं खडकातून प्रदक्षिणा घालत होतो, तर एका डबक्यात हा लक्ष्मीशंख पडलेला. जिवंत. माझ्याच पायाशी. मी उपरणं पाण्यात बुडवून त्यात उचलला. "देवानं दिला," ते म्हणाले, "आता कौसाची कूस उजवणार. बराबर वर्षाच्या आत पाळणा." सगळ्यांनी माना हलवल्या. दादानंही हलवली.

त्या दुपारी पुरणाची डाळ निवडता निवडता वहिनीनं मला खूण केली. आम्ही दोघी देवघरात गेलो आणि तिनं फडक्याची एक कड वर केली. वाळूत एक शंख आडवा पडला होता, माझ्या मधल्या बोटाएवढा, भोवऱ्यासारखा एका टोकाला निमुळता. पण काय नक्षी होती! पांढऱ्यावर तपकिरी त्रिकोण, एकात एक गुंतलेले, खालवर सोनेरी रेघा, एखाद्या विणकरानं मागावर विणावं तसं. आम्ही पाहत असताना त्याच्या निमुळत्या टोकातून एक बारीक सोंड बाहेर आली. पांढरी, टोकाला लाल आणि काळी. ती इकडं वळली, तिकडं वळली, जणू वास घेत होती.

"वहिनी, ह्यात किडा आहे."

"किडा कुठला, देव आहे." तिनं फडकं खाली सोडलं आणि हसायला लागली. "दगडाला विचारून झालं, झाडाला झालं, बाबाला झालं. आता गोगलगायीला विचारायचं. बघू ती काय म्हनते."

आमच्याकडं गोगलगाय म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गरीब वस्तू. मीठ टाकलं की विरघळते. शंख म्हणजे देवळात वाजवायचा, नाहीतर पोळ्याला बैलाच्या गळ्यात ओवायचा. यातलं काही माणसाला चावतं हे आम्हाला स्वप्नातसुद्धा आलं नसतं. आबांनाही नाही. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते. याच्या पुढं जे झालं त्यात त्यांच्या बाजूनं लिहिण्यासारखं मला काही सापडत नाही.

मावंद्याच्या दिवशी अंगणात पंगती बसल्या. पोळ्या, आमटी, कुरडया, भजी. माय पहाटेपासून चुलीपुढून हललेली नव्हती. पहिल्या पंगतीच्या आधी तीर्थ फोडायचं होतं. वहिनीला हिरवं लुगडं नेसवून, नथ घालून पाटावर बसवलं. दादा शेजारच्या पाटावर. मी वहिनीच्या मागं, तिचा पदर सरळ धरायला. आबांनी फडकं सोडलं, उपरण्यात धरून शंख बाहेर काढला आणि तिच्या उजव्या हातात ठेवला. वरून पाणी ओतलं. "मूठ मिट. आरत्या होईपर्यंत उघडायची न्हाई. मूठ सुटली की पोटातलं सुटलं, ध्यानात ठेव." हा नियम कोकणातला नव्हता. आमच्याकडं ओटीतलं फळ सांडू देत नाहीत, त्यावरून आबांनी तो जागच्या जागी जोडला होता. पण त्यांनी सांगितला म्हणजे तो झाला.

पहिली आरती सुरू व्हायची होती. वहिनीचा खांदा एकदम दचकला.

"आई गं! चावलं."

"काय चावलं?" आबा म्हणाले.

"ह्या हातात. सुई टोचल्यावानी. मामंजी, सोडू का?"

"शंख चावत नसतो. मूठ मिट."

"अहो पण..."

"मिट म्हनलं ना!"

तिनं दादाकडं पाहिलं. दादानं समईकडं पाहिलं. तिनं मूठ मिटली.

आरत्या म्हणजे एक नाही. आबा यात्रेहून आलेले, त्यांना सगळ्या म्हणायच्या होत्या. मी मागं बसले होते, मला तिचा हात दिसत होता. मूठ सैल पडत चालली होती, पण बोटं मिटलेलीच. मधे तिनं जीभ ओठांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. मग तिचं डोकं हळूहळू खाली आलं. पापण्या अर्ध्यावर आल्या. शेवटच्या आरतीच्या टाळ्या वाजत असताना ती माझ्या अंगावर रेलली आणि शंख घरंगळून पाटाखाली गेला.

शेजारची गयाबाई पंगतीतून उठून पुढं आली आणि ओरडली, "अगं अंगात आलंय! देवी आली कौसाच्या अंगात!"

झालं. हलगीवाले मावंद्याला आलेलेच होते. त्यांनी हलगी सुरू केली. बायका धावल्या, वहिनीच्या कपाळावर कुंकू थापलं, पाय धुतले, पायांवर डोकी ठेवली. तिला सरळ बसवून दोन्हीकडून धरलं. "बोल आई, कोण गं तू? कुठून आलीस? पोर देशील का?" ती काय बोलणार! तिचा जबडा लोंबत होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी तिच्या तोंडाशी कान नेला. ती हलगीच्या खालून बोलली, शब्द असे की तोंडात गोटा धरलाय, "वन्सं... जीभ हलंना... आडवं करा."

मी किंचाळून सांगितलं, ती आडवं करा म्हणतेय. गयाबाईनं मला दंडाला धरून बाजूला केलं. मी आत पळाले आणि मायला ओढत आणलं. मायच्या हाताला कोपरापर्यंत कणीक. तिनं वहिनीचं तोंड वर केलं, पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या समोर मोठ्यानं बोलली.

"ओठ निळे पडलेत पोरीचे. गाडी जुंपा. मंठ्याला सरकारी दवाखाना हाय."

"देवीला दवाखान्यात नेतात का?"

"भाऊजी, देवी नंतर बघा. जल्दी करा. ती गिळत न्हाई, बघा ना!"

"तर तीर्थ द्या," आबा म्हणाले. आणि त्या मडक्यातलं पाणी पळीनं तिच्या तोंडात घातलं. एक पळी, दुसरी पळी. पाणी नाकातून बाहेर आलं. तिला खोकताही आलं नाही, नुसती छाती एकदा ओढली गेली. मायनं पळी धरली. आबा शांतपणे म्हणाले, "तू आत हो. पंगत खोळंबली." बैल दाराशी उभे होते. गाडी दाराशी होती. दादा पाटावरून उठला होता आणि दोन्ही हात जोडून स्वतःच्या बायकोपुढं उभा होता. माय त्याच्याकडं बघत राहिली. मग ती आत गेली.

मी लहान होते, माझ्या हातात काही नव्हतं. मायच्या हातात होतं की नाही, याचा हिशेब मी मोठी झाल्यावर पुष्कळदा मांडला. बैल सोडून गाडी जुंपायला तिला येत होतं.

वहिनीच्या नथीचा मोती तिच्या ओठावर लोंबायचा आणि श्वासानं हलायचा. मी त्या मोत्याकडं बघत होते. तो हलायचा थांबला. हलगी चालूच होती. बायका पाया पडतच होत्या. ती मेली तरी बराच वेळ लोक तिच्याकडं मुलं मागत होते.

दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर समुद्राचा कार्यक्रम लागला होता. माझी नातसून जालन्यात कॉलेजात शिकवते, तोच विषय, जीवजंतूंचा. वाळूतून एक सोंड बाहेर आली, पांढरी, टोकाला लाल आणि काळी, आणि मागून ती नक्षी वर आली. मी म्हटलं, हा आमच्या घरी होता. नातसून हसली, मग माझं तोंड पाहून हसायची थांबली. तिनं सांगितलं, ही शिकारी गोगलगाय. तिच्या तोंडात सुईसारखा पोकळ दात असतो, त्यात विष. तो फेकून मारते आणि मासा जागीच लुळा पडतो. मग अख्खा गिळते. माणसाला लागला तर ओठ बधिरतात, पापण्या पडतात, श्वास घ्यायचे स्नायू थांबतात. मी विचारलं, शुद्ध जाते का? ती म्हणाली, बहुतेक शेवटपर्यंत नाही जात आजी, ऐकू येत असतं. मी विचारलं, औषध? म्हणाली, उतारा अजून नाही. विष उतरेपर्यंत कुणी श्वास देत राहिलं तर माणूस वाचतं. म्हणजे त्या काळी मंठ्याला नेलं असतं तरी वाचली असती की नाही, कुणास ठाऊक. पण गाडीत निदान आडवी झाली असती. तिनं तेवढंच मागितलं होतं. आणि तिनं सगळं ऐकलं. "पंगत खोळंबली" हेसुद्धा.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत तिला जाळलं. पोलीस पाटील आमच्याच पंगतीला जेवत होता, त्यानं हात धुऊन खांदा दिला. स्मशानातून आल्यावर ओसरीवर बोलणं सुरू झालं. एक जण म्हणाला, देवाचा कोप असेल. आबा म्हणाले, बिलकुल न्हाई. कोप म्हटला असता तर तो शंख आणणाऱ्यावर, म्हणजे त्यांच्यावरच आला असता ना. आबा म्हणाले, देवी तिच्या अंगात आली आणि तिला घेऊन गेली, अशी मौत लाखात एकाला. दुसऱ्या दिवशी अंगणातच, ती बसली होती त्या जागी, दगडमातीचा ओटा रचायला घेतला. शंख देवघरात मांडला. आतला जीव मेला होता, दोन दिवसांत त्याचा असा वास सुटला की देवघरात उभं राहवेना. वर ऊद जाळला. मला आबांनी बोलावून सांगितलं, "चावलं-बिवलं एक शब्द जरी तोंडातून निघाला तर जीभ हासडीन." दादा तिथं होता. तो मला म्हणाला, "आबा सांगतेत ते ऐक."

दहाव्याच्या आधी हसनाबादहून वहिनीचे आईवडील आले. त्यांना निरोपच तसा गेला होता, तुमची लेक देवी झाली म्हणून. बाप गाडीतून उतरला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते, पण गावातली माणसं त्याच्याच पाया पडायला लागली, त्याला उंच बैठकीवर बसवलं, देवीचा बाप म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची मान ताठ होत गेली. वहिनीची माय बारकी बाई होती. तिच्या हातात ओटीचं सामान होतं, खण, नारळ, तांदूळ, कुणीतरी वाटेतच दिलेलं. ती ओट्यापुढं उभी राहिली आणि कुणाकडं न बघता विचारलं, "शेवटाला काय बोलली ती?"

"देवीचं बोलणं कुठं कळतं माणसाला," आबा म्हणाले.

मी उंबऱ्यात होते. मी म्हटलं, "चावलं म्हणली. हातात चावलं, सोडू का म्हणली. आबांनी मूठ उघडू दिली नाही. मग आडवं करा म्हणली. कुणी केलं नाही. तोंडात पाणी घातलं, ते नाकातून आलं."

एवढं मी एका दमात बोलले. तिचा बाप बैठकीवरून उठला आणि माझ्याकडं आला. मला वाटलं, हा आता आबांची गचांडी धरणार. तो मला म्हणाला, "पोरी, माझी लेक देवी झाली. तू तिला मेली म्हनतेस?" आणि वळून ओट्यावर डोकं ठेवलं. बायकोला म्हणाला, "चल, ओटी भर."

ती बाई हलली नाही. ती म्हणाली, "ओटी जित्या बाईची भरतेत." सामान तिनं जमिनीवर ठेवलं, फेकलं नाही, नीट ठेवलं, आणि दादापुढं गेली. त्याला विचारलं, "जावईबापू, तुम्ही कुठं व्हते?" दादानं ओट्याकडं पाहिलं. ती जाऊन गाडीत बसली, आमच्याकडं पाठ करून. नवरा आत जेवला. ती उन्हात गाडीतच बसून राहिली.

गाडी गेल्यावर आबा मायला म्हणाले, "तुझी पोर, तू बघ." मायनं मला चुलीपाशी नेलं, दार लावलं आणि फुंकणीनं मारायला सुरुवात केली. चांगलं लागेल असं मारलं, बाहेर ऐकू जाईल असं मारलं. प्रत्येक फटक्याला ओरडत होती, "बोलशील? पुन्हा बोलशील?" मग तिचा हात थांबला. ती माझ्याजवळ खाली बसली, दाराकडं एकदा पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "काय म्हनली गं तिची माय? मला आत नीट ऐकू न्हाई आलं."

मी सांगितलं.

"आणखीन एकदा सांग," माय म्हणाली.